‘नुसती मेहंदी’ लावलेले केस

ऐन लग्नसराईत औशाकडच्या एक बाई लातूरला आमच्या पार्लरमध्ये आल्या. मुलाची हळद आठवड्यावर आलेली आणि त्यांना हवे होते चॉकलेटी हायलाइट्स. मुळाशी दोन बोटं पांढरे केस, त्याखाली विटका काळा रंग, खिडकीपाशी धरले तर हिरवट झाक, आणि टोकं केरसुणीसारखी. आधी काय लावलंय विचारलं तर म्हणाल्या, “डाय कधीच नाही हो मॅडम. नुसती मेहंदीच लावायलेय मी.”

मेहंदीने केस काळे होत नाहीत. पांढऱ्या केसावर ती नारिंगी ते विटकरी उतरते आणि मूळच्या काळ्या केसावर नुसती लालसर चमक देते. काळा रंग हवा तर मेहंदीवर नीळ (कपड्यांची नव्हे, निळीच्या झाडाच्या पानांची पावडर) चढवावी लागते, आणि तिलाही पूर्ण रंगायला एक-दोन दिवस लागतात. म्हणून किती वेळात काळे होतात तेवढंच विचारलं. “अर्ध्या तासात. आठवडी बाजारातून सुटी आणते, लई भारी आहे.”

अर्ध्या तासात काळं करणारी कुठलीच पाला-पावडर नसते. अशा ‘काळ्या मेहंदी’त बहुतेक वेळा पीपीडी हे केसांच्या डायमधलं रसायन असतं, काही वेळा धातूचे क्षार. पीपीडीची ॲलर्जी वर्षानुवर्षं वापरल्यानंतरही अचानक उठू शकते. धातूच्या क्षारांचा धोका वेगळा. त्यावर पेरॉक्साइड (केसांचा रंग उडवणारं रसायन) पडलं की केस तापतात, आणि हायलाइट्ससाठी लागणाऱ्या ब्लीचमध्ये पेरॉक्साइड असतंच.

मानेजवळून एक बारीक बट कापून दोऱ्याने बांधली. काचेच्या वाटीत ३० मिली २० व्हॉल्यूम (म्हणजे ६ टक्के) पेरॉक्साइड आणि त्यात २८ टक्क्यांच्या अमोनियाचे २० थेंब घेऊन बट बुडवली. शेजारच्या वाटीत तेच मिश्रण आणि निव्वळ राजस्थानातल्या सोजतची मेहंदी लावणाऱ्या एका मुलीची बट. थोड्याच वेळात बाईंच्या वाटीत बुडबुडे धरले. वाटीचा तळ हाताला गरम लागला आणि उग्र वास सुटला. चिमट्याने बट काढून ताणली तर रबरासारखी लांबली आणि तुटली. दुसरी बट अर्ध्या तासानंतरही थंडच होती, जराशी उजळली एवढंच. इतकं तापणं हे तांब्याच्या क्षाराचं लक्षण. शिसं असेल तर रंग झटकन उडतो. चांदीचा क्षार असेल तर काहीच होत नाही, म्हणून ‘काही झालं नाही’ यावर आपण खूश होऊ नये. हे सगळं डोक्यावर, हायलाइट्ससाठी बटा गुंडाळतात त्या फॉइलच्या आत झालं असतं तर बटा फॉइलबरोबरच हातात आल्या असत्या. वाटी त्यांच्या हातात दिली. हायलाइट्सचा विषय तिथेच संपला.

अशा केसांवर शुद्ध मेहंदी आणि नीळ मात्र चालते, कारण त्यात पेरॉक्साइड लागत नाही. दोन्ही पावडरी कालवून कानामागे ठिपके लावले आणि परवाची वेळ दिली, तोवर खाज-पुरळ उठली नाही तरच लावायचं. निळीनेही काहींना खाज सुटते.

फक्त मुळांसाठी ६० ग्रॅम मेहंदी आणि १५ ग्रॅम आवळा पावडर पुरली. आवळ्यामुळे लाली दबते आणि मेहंदीला हवा तो आंबटपणाही मिळतो, वेगळं लिंबू लागत नाही. कोमट पाणी थोडं थोडं घालत, चमच्यावरून सावकाश ओघळेल इतपत सैल केलं. आपल्याकडच्या एप्रिलच्या उन्हाळ्यात तीन तासांत रंग सुटतो. थंडीत तेच रात्रभर लागतं. तळहातावर पाच मिनिटं ठेवून नारिंगी डाग पडला की लावायची. उन्हाळ्यातही रात्रभर भिजवणाऱ्यांची मेहंदी सकाळी आंबलेली असते आणि रंग फिका चढतो. दही घालू नये, दुधातल्या प्रथिनांना रंग धरतो आणि केसांच्या वाट्याला कमी येतो.

लोखंडी कढईबद्दल बाईंनी विचारलंच. लोखंड आणि आवळ्यातलं टॅनिन (तुरट द्रव्य) मिळून काळपट शाई होते, तोच तो ‘कढईचा रंग’. तो मळकट असतो, केस कोरडे करतो, आणि धातूने आधीच बिघडलेल्या केसांवर आणखी लोह कशाला? आम्ही स्टीलचं पातेलं घेतो.

मेहंदी अडीच तास ठेवली. धुताना आधी बादलीत केस बुडवून चिखल सोडवायचा, मग वरून पाणी. २०१६ च्या एप्रिलमध्ये ज्या शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तिथे नळाखाली मेहंदी धुणं परवडत नाही. शेवटचं पाणी जारचं घेतलं. बोअरच्या जड पाण्यातला चुना केसांवर बसतो, मग कितीही चांगली मेहंदी लावा, केस खरखरीतच लागतात.

मुळं आता भडक नारिंगी. इथे बायका घाबरतात, पण निळीला हाच थर हवा असतो. थेट पांढऱ्या केसावर नीळ हिरवट-निळी दिसते. नीळ ७० ग्रॅम, चिमूटभर मीठ, कोमट पाणी. लिंबू नाही, आवळा नाही; आंबटाने तिचा रंग मरतो. म्हणून मेहंदी-नीळ एकत्र कालवून रात्रभर ठेवणं म्हणजे नीळ वाया घालवणं. दहा-पंधरा मिनिटं झाकून ठेवली, हिरव्या लगद्यावर निळी साय धरली, की लगेच ओलसर केसांना लावायची. नंतर रंग उतरणीला लागतो. गडद तपकिरी हवा होता म्हणून तासभर ठेवली. अर्ध्या-पाऊण तासात मध्यम तपकिरी येतो, काळ्यासाठी दीड तास.

लांबीला मेहंदी लावलीच नाही. थरावर थर चढले की केस ताठ होतात. तिथे जवसाची जेल लावली: दोन चमचे जवस दोन कप पाण्यात तार धरेपर्यंत उकळायचे आणि गरम असतानाच जुन्या ओढणीतून गाळायचे. गार झाल्यावर गाळलं जात नाही. टोकं तीन इंच कापली.

धुतल्यावर मुळांना हिरवट छटा होती. दुसऱ्या दिवशी दुपारी फोटो आला, मुळं कॉफीच्या रंगाची. दोन दिवस शाम्पू नको असं सांगितलं होतं, ते त्यांनी पाळलं. मुळांचं काम दर पाच आठवड्यांनी. जुनी लांबी कापून संपायला, केस महिन्याला साधारण एक-सव्वा सेंटिमीटर वाढतो या हिशेबाने, तीन वर्षं तरी जातील. तोवर पेरॉक्साइडवाला डाय, ब्लीच बंद. बाजारातली ती सुटी पावडर त्यांच्या जावेकडेही आहे म्हणाल्या. तिलाही बट घेऊन बोलावलंय.