‘किती दिवसांपासून?’ या एका रकान्यात अडकलेलं आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन

आईच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन वीस मिनिटांत उरकलं. विम्याचे पैसे हातात यायला मात्र मार्च उजाडला. सगळं अडलं ते केसपेपरवरच्या एका रकान्यापाशी. घरात कुणाचं ऑपरेशन ठरत असेल आणि विमा असेल, तर माझा अनुभव वाचूनच दवाखान्यात जा.

डिसेंबर 2024 मध्ये आईला तपासायला नेलं. आम्ही जुळे सोलापुरात राहतो. रात्री होटगी रोडवरून रिक्षाने येताना समोरच्या गाड्यांचे दिवे फुटल्यासारखे दिसतात, अशी तिची तक्रार होती. काउंटरवरच्या मुलीने विचारलं, "आजी, कधीपासून कमी दिसतंय?" आई म्हणाली, "तीन वर्षं झाली की. भुरकटच दिसायलंय." मुलीने लिहिलं: दृष्टी कमी, 3 वर्षे. मी शेजारीच उभी होते, पण मला त्यात काही वावगं वाटलं नाही. आईचा हिशेब साधा होता. तीन वर्षांपूर्वी तिने चष्म्याचा नंबर बदलला होता, तेव्हापासून ती मोजत होती.

तपासणी सरळ झाली. बाहुली मोठी करायचे थेंब टाकले, मागचा पडदा पाहिला, ए-स्कॅनवर बसवायच्या लेन्सचा नंबर काढला. डॉक्टर मॅडमनी समजावून सांगितलं की मोतीबिंदू म्हणजे डोळ्यावर वाढलेला पापुद्रा नव्हे. बाहुलीच्या मागे आपलं जन्मजात भिंग असतं, त्यातली प्रथिनं वयानुसार गोळा होतात आणि भिंगच गढूळ होतं. म्हणून ते थेंबांनी विरघळत नाही आणि चष्मा बदलूनही जात नाही. ते गढूळ भिंग काढून त्या जागी कृत्रिम लेन्स बसवणं हाच उपाय.

मला सगळ्यात आश्चर्य वाटलं ते दुसऱ्याच गोष्टीचं. वर्षभरापूर्वी आई शेजारणींना आनंदाने सांगत होती, "माझा जवळचा नंबर गेला बघा." चष्म्याशिवाय सुईत दोरा ओवायची. आम्हीही खूश होतो. मॅडम म्हणाल्या, तीच सुरुवात होती. भिंगाचा मधला भाग घट्ट होऊ लागला की काही काळ जवळचं बरं दिसतं आणि लांबचं बिघडत जातं. साठीनंतर कुणाचा वाचायचा चष्मा आपोआप सुटला, तर त्यांना तपासून घ्या.

शेजारचे काका म्हणत होते, "पिकू दे, मग काढा." हा सल्ला जुन्या काळातला आहे. आता अल्ट्रासाउंडच्या कंपनांनी भिंग फोडून शोषून घेतात. ते फार कडक झालेलं असेल तर काम अवघड होतं. पूर्ण पिकलेलं भिंग फुगलं तर डोळ्यातला दाबही वाढू शकतो. रोजच्या कामात अडचण यायला लागली की ऑपरेशनची वेळ झाली, असं मॅडमचं म्हणणं.

आता विम्याची गोष्ट. पॉलिसी जून 2022 ची. त्यात मोतीबिंदूला 24 महिन्यांची वाट पाहायची अट, म्हणजे तेवढा काळ त्याचे पैसे मिळत नाहीत. ती पुरी झालेली. पॉलिसीआधीपासून असलेल्या आजाराला 36 महिने, ते अजून व्हायचे होते. 6 जानेवारीला दवाखान्याने कॅशलेससाठी, म्हणजे बिल विमा कंपनीने परस्पर भरावं म्हणून, कागद पाठवले. विमा नियामकाच्या (IRDAI) मे 2024 च्या परिपत्रकाप्रमाणे एका तासात निर्णय यायला हवा. आला प्रश्न: जुने कागद पाठवा. पाठवले. दुसऱ्या दिवशी पुन्हा प्रश्न: तक्रार नेमकी कधीपासून? विम्याच्या खिडकीवरचा मुलगा म्हणाला, "ताई, क्वेरी आली की तो तास पुन्हा पहिल्यापासून मोजतात." तीन दिवस मी त्या खिडकीसमोर उभी होते आणि दर वेळी तेच उत्तर: "पोर्टलवर पेंडिंग दिसतंय."

9 तारखेला ऑपरेशन ठरलं होतं. सकाळी आठला आई हजर. कपाळावर उजव्या बाजूला खुणेची पट्टी, डोळ्यात थेंब टाकलेले, बाहुली मोठी झालेली. दहा वाजले, अकरा वाजले. तिच्यानंतर आलेल्या दोघी हिरवी पट्टी लावून घरीही गेल्या. दुपारी एकला निरोप आला: आजार पॉलिसीच्या आधीचा, कॅशलेस नामंजूर. कारण? केसपेपरवरचे "3 वर्षे". जानेवारी 2025 मधून तीन वर्षं वजा केली की जानेवारी 2022 येतो, म्हणजे पॉलिसीच्या पाच महिने आधी. त्यांनी एवढीच वजाबाकी केली होती.

मोठी झालेली बाहुली घेऊन आई भर उन्हात रिक्षात बसली, पदर तोंडावर ओढून. घरी येईपर्यंत एक शब्द बोलली नाही. मग म्हणाली, "माझ्याच तोंडानं घात झाला." त्या वाक्याचा मला आजही राग येतो. डोळ्याने दिसत नाही म्हणून खरं सांगणाऱ्या बाईवर ही वेळ यायला नको होती.

मी डॉक्टरांना म्हटलं, तो रकाना दुरुस्त करा. त्यांनी साफ नकार दिला. केसपेपरवर खाडाखोड केली तर पुढे तोच कागद खोटा ठरतो, म्हणाल्या. त्यांचं बरोबर होतं. त्यांनी वेगळं प्रमाणपत्र दिलं: मोतीबिंदूचं निदान प्रथम डिसेंबर 2024 मध्ये, तीन वर्षं ही रुग्णाने सांगितलेली चष्म्याची तक्रार.

मग मी पॉलिसीचं पुस्तक उघडलं. पूर्वीच्या आजाराची व्याख्या तिथे स्पष्ट आहे: पॉलिसीआधीच्या 36 महिन्यांत डॉक्टरांनी निदान केलेला, किंवा ज्यासाठी डॉक्टरांनी सल्ला वा उपचार दिलेला आजार. अंधुक दिसणं म्हणजे निदान नव्हे. एवढं वाचल्यावर मला धीर आला. त्या रात्री पत्र्याची ट्रंक रिकामी केली आणि लाईट बिलांच्या पिशवीत एक कागद सापडला. ऑगस्ट 2022 मध्ये शेंगा पाखडताना आईच्या डोळ्यात फोलपट गेलं होतं, तेव्हाचा डोळ्यांच्या डॉक्टरांचा केसपेपर. त्यावर लिहिलं होतं: दोन्ही डोळ्यांतील भिंग स्वच्छ. पॉलिसी सुरू झाल्यानंतर दोन महिन्यांनी भिंग स्वच्छ! तो कागद मी तीनदा वाचला.

तोही पाठवला, पण कॅशलेसची फाईल आता बंद झाली, आधी पैसे भरा आणि नंतर मागा, असं कळवलं. तोवर गड्ड्याची जत्रा आली. आईने यंदा नंदीध्वजांची मिरवणूक गच्चीवरून नुसती ऐकली. मी ठेव मोडली आणि 23 जानेवारीला ऑपरेशन झालं. इंजेक्शन नाही, नुसते बधिर करायचे थेंब. तीन मिलिमीटरपेक्षाही लहान छेद, त्यातून घडी केलेली लेन्स आत गेली आणि उलगडली. टाका नाही. आई म्हणाली, रंगीत उजेड दिसला आणि पाण्याचा गारवा जाणवला, बाकी काही नाही.

दुसऱ्या दिवशी तपासून आल्यावर पलंगावरची चादर बघून तिने विचारलं, "ही निळी होय?" दोन वर्षं ती चादर तिला हिरवट वाटत होती. गढूळ भिंग पिवळटही होतं आणि निळा रंग अडवतं. चादरींच्या गावातली बाई चादरीचा रंग चुकत होती आणि आमच्या लक्षातही आलं नाही.

बिल 36,500 झालं. दावा फेब्रुवारीत पुन्हा नामंजूर, कारण तेच. या वेळी मी फोन केला नाही. कंपनीच्या तक्रार निवारण कक्षाला एका पानाचं पत्र लिहिलं: वर व्याख्या, खाली ऑगस्ट 2022 चा कागद आणि डॉक्टरांचं प्रमाणपत्र. फोनवर पंधरा माणसांना पंधरा वेळा गोष्ट सांगण्यापेक्षा हे एक पान कामाला आलं. 11 मार्चला 34,900 रुपये जमा झाले. कंपनीने महिनाभर उत्तर दिलं नसतं, तर पुण्याच्या विमा लोकपालांकडे जायची तयारी होती. तिथे तक्रारीला पैसे लागत नाहीत.

आता जे जे आठवतंय ते सांगते. लेन्सच्या डबीवरचं स्टिकर बिलाला जोडलेलं आहे का बघा, ते नसेल तर दावा परत येतो. जवळचं-लांबचं दोन्ही दाखवणाऱ्या मल्टिफोकल लेन्सचा वाढीव खर्च विमा देईल का, हे आधी लेखी विचारा. आम्ही साधी, एकाच अंतरासाठीची मोनोफोकल घेतली, आईला वाचायला चष्मा लागतो आणि तिची तक्रार नाही. वडीलधारे पुरुष प्रोस्टेटची गोळी घेत असतील तर ऑपरेशनआधी डॉक्टरांना सांगाच, त्या गोळीने बाहुलीभोवतीचा रंगीत पडदा सैल पडू शकतो. थेंब चार ते सहा आठवडे चालतात आणि संख्या हळूहळू कमी होते, म्हणून कॅलेंडरवर लिहून ठेवा. काही दिवस चुलीपुढे भाकरी थापायची नाही. डोक्यावरून अंघोळ नाही, यावर आई सगळ्यात जास्त चिडली. काही महिन्यांनी पुन्हा अंधुक वाटलं तर लेन्समागचं पातळ आवरण धुरकट झालेलं असू शकतं. ते लेझरने पाच मिनिटांत साफ होतं, मोतीबिंदू परत येत नाही. आणि डोळा खूप दुखला, लाल झाला किंवा दिसणं अचानक कमी झालं तर सकाळची वाट बघू नका.

डावा डोळा जुलैत करायचा ठरवला, 36 महिने पुरे झाल्यावर. केसपेपर काढताना त्या मुलीने पुन्हा विचारलं, "आजी, कधीपासून?" आईने पिशवीतून डॉक्टरांचं ते प्रमाणपत्र काढून तिच्यापुढे ठेवलं आणि म्हणाली, "डॉक्टरीणबाईंनी लिहिलंय तेच लिही, बाळा."