पाझर नितळ आहे की गढूळ?

"तलाव भरलाय म्हणल्यावर पाझर तर लागणारच की!"

आज गावच्या पाझर तलावाच्या भरावावर कुणीतरी बोललं. चूक काहीच नाही. मातीचं धरण पाझरतंच.

बघायचं ते त्या पाण्याचा रंग. पायथ्याशी येणारं पाणी काचेच्या ग्लासात धरा, दहा-पंधरा मिनिटं ठेवा. तळाला माती बसली, तर भराव आतून पोखरतोय. नितळ असलं तरी मोजा. बादली भरायला किती सेकंद लागतात ते तलावाच्या पातळीसोबत वहीत लिहा. पातळी तीच आणि बादली लवकर भरू लागली, तर त्याच दिवशी जलसंधारण खात्याला कळवा.

गढूळ झरा चिखलाने बुजवू नका, पाणी शेजारून फुटतं. त्यावर आधी जाड वाळू, मग खडी, वर दगड. पाणी जाऊ द्यायचं, माती अडवायची.

भरावावरची वेडी बाभूळ रोप असतानाच उपटा. मोठी झाल्यावर नुसती तोडली, तर मुळं आत कुजतात आणि पाण्याला आयती नळी मिळते.

खरा राग येतो तो सांडव्यावरच्या, म्हणजे तलावाचं जादा पाणी बाहेर जायच्या वाटेवरच्या, वाळूच्या पोत्यांचा. मराठवाड्यातल्या माणसाला पाण्याची हाव सुटणारच, समजतं. पण सांडवा फूटभर चढवला, की पुरासाठी राखलेली उंची फूटभर घटते. भरावाच्या माथ्यावरून एकदा पाणी वाहू लागलं, की माती टिकत नाही.

तुमच्या गावच्या सांडव्यात आज काय आहे? पोती, झुडपं, की कडब्याची गंज?