मण्यार, भगत आणि एएसव्हीच्या १० व्हायल

जुलैमधली पहाट. पालघर जिल्ह्यातल्या आमच्या ग्रामीण रुग्णालयात तिशीतली एक बाई जीपमधून आणली. रात्री जमिनीवर झोपलेली, पहाटे पोटात कळा, उलटी, मग डोळे उघडेनात. दंशाची खूण मला दिसली नाही. मण्यारीचे दात बारीक. सूज येत नाही, फारसं दुखतही नाही. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेल्याचं पोट पहाटे दुखलं आणि पापण्या मिटायला लागल्या, तर मण्यार समजूनच उपचार सुरू करायचे.

सोबत भगत होता. त्याने दाणे पाहून घोट्याला दंश सांगितला होता आणि मांडीला मंतरलेला दोर करकचून आवळला होता. नातेवाईक दोराला हात लावू देईनात. तसाही तो झटकन कापायचा नसतो. खाली अडलेलं विष एकदम अंगभर पसरून श्वास थांबू शकतो. आधी एएसव्हीच्या, म्हणजे सर्पविषावरच्या उताऱ्याच्या, १० व्हायल (कुप्या) सलाइनमधून तासाभरात जातील अशा लावल्या. अ‍ॅड्रिनॅलिन ०.५ मिलिग्रॅम सिरिंजमध्ये भरून ठेवलं, कारण घोड्याच्या रक्तापासून बनणाऱ्या एएसव्हीची रिअ‍ॅक्शन कुणालाही येऊ शकते. श्वासाची ताकद पाहायला तिला एका दमात आकडे मोजायला सांगितले. ती नऊवर थांबली. श्वासनलिकेत नळी घालायची तयारी झाल्यावर भगताला म्हटलं, "बाबा, दोर तुम्हीच सोडा, मी सांगेन तसा हळूहळू." त्याने मंत्र म्हणत सोडला. कुणी अडवलं नाही.

स्नायूंची ताकद परत यावी म्हणून अ‍ॅट्रोपिन आणि निओस्टिग्मिन दिलं, फरक पडला नाही. नागाच्या दंशात त्याचा गुण येतो, मण्यारीच्या दंशात बहुधा नाही. हे विष मज्जातंतूंची टोकंच निकामी करतं. एएसव्ही फक्त रक्तात फिरणारं विष निष्प्रभ करतं. टोकं शरीर आपल्या गतीने भरून काढतं. तोवर श्वास आपण द्यायचा. नळी घालून, हाताने श्वास द्यायची अंबू बॅग दाबत तिला व्हेंटिलेटरपर्यंत पोचवलं.

खरा धोका तिथे उभा राहिला. अंग निश्चल, बाहुल्या विस्फारलेल्या. घरचे म्हणाले, गेली, घरी नेऊ द्या. पण मण्यारीचा रुग्ण असा पडलेला असताना शुद्धीवर असू शकतो, त्याला सगळं ऐकू येत असतं. मी हे भगताला समजावलं. घरच्यांनी माझं ऐकलं नसतं, त्याचं ऐकलं. तो तिच्या कानाशी बसून देवीचं नाव घेत राहिला. भीती कमी करायला गुंगीचं औषध आमच्याकडे होतंच, पण ओळखीच्या माणसाचा आवाज आम्ही कुठून आणणार? चौथ्या दिवशी बोटं हलली, सहाव्या दिवशी नळी निघाली.

भगताला यश येतं ते बरेचसे साप बिनविषारी असतात म्हणून, आणि विषारी साप प्रत्येक वेळी विष सोडतोच असं नाही म्हणून. मण्यारीने विष सोडलं असेल तर मंत्राने ते उतरत नाही, आणि गेलेले दोन तास परत मिळत नाहीत. त्यामुळे पावसाळ्याआधी भगतांशी बसून बोलतो: दोर बांधू नका, ब्लेड लावू नका, आधी १०८ला फोन करा आणि तुम्हीही गाडीत बसा. पूजा आमच्या वॉर्डात करायची असेल तर जागा आम्ही देतो.