बोट उलटली की निष्काळजीपणा साधा की घोर?

मे महिना लागला की आमच्या मालवणच्या किनाऱ्यावर पाय ठेवायला जागा नसते आणि पाण्यात कुठे काही झालं की गावभर चर्चा सुरू, एकजण म्हणणार बोटवाल्याला फाशीच द्या, दुसरा म्हणणार "त्यान काय मुद्दाम केल्यान?" मला दोन्ही पटत नाही. मुद्दाम केलं असतं तर तो वेगळाच गुन्हा झाला ना. बघायचं असतं ते हे, की धोका समोर दिसत असताना त्याने काय केलं.

एका बोटीवरचं लाईफ जॅकेट मी हातात घेऊन बघितलंय, बकल गायब, त्या जागी निळ्या नायलॉनच्या दोरीची गाठ, आतला फोम दाबला की दबलेलाच राहत होता. असं एखादं जॅकेट गर्दीत चुकून कोणाला गेलं तर तो साधा निष्काळजीपणा म्हणू. पण सगळी तशीच आहेत हे माहीत असून, वारा वाढलेला दिसत असून दुप्पट माणसं भरून बोट सोडली, तर ती चूक नाही राहिली, लोकांच्या जिवाची पर्वाच केली नाही. हा घोर निष्काळजीपणा.

निष्काळजीपणाने मृत्यू झाला तर पूर्वी आयपीसीचं, म्हणजे जुन्या भारतीय दंड संहितेचं, कलम 304-अ लागायचं, 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेचं 106(1) आहे, शिक्षा 2 वर्षांवरून 5 वर्षांपर्यंत गेली. सुप्रीम कोर्टाने 2005 च्या जेकब मॅथ्यू केसमध्ये सांगितलं की फौजदारी गुन्ह्यासाठी निष्काळजीपणा फार वरच्या दर्जाचा, म्हणजे घोरच लागतो. ती केस डॉक्टरांची होती, पेशंटला लावायला आणलेला ऑक्सिजन सिलिंडर रिकामा निघाला होता, तरी डॉक्टरवरचा खटला रद्द झाला.

पण नुकसानभरपाईचं गणित वेगळं आहे आणि हेच आपल्याकडे कोणी सांगत नाही! ग्राहक आयोगात घोर वगैरे सिद्ध करायची गरज नाही, पैसे घेऊन दिलेल्या सेवेत नीट काळजी घेतली नाही एवढं दाखवलं तरी चालतं. पोलीस केस टिकली नाही की घरचे लोक "आता काय उरलं" म्हणून गप्प बसतात, मला ते बघवत नाही, कारण तो दरवाजा उघडाच असतो. मुदत साधारण 2 वर्षांची, त्यामुळे पावती फाडून टाकू नका, जॅकेटचे, बोटीचे फोटो त्याच दिवशी काढून ठेवा, बरोबरच्या प्रवाशांचे नंबर घ्या.