मुळा-मुठेतलं प्लास्टिक मोजता मोजता

मुळा-मुठेत प्लास्टिक किती आहे हा प्रश्न मला लग्नात, एसटीत, सोसायटीच्या जिन्यात, कुठेही विचारला जातो आणि लोकांना एक आकडा हवा असतो, बस. पीएचडीला लागले तेव्हा मलाही तोच हवा होता. आता सबमिशन जवळ आलंय आणि मी आधी उलट विचारते की कुठल्या महिन्यात, कुठल्या पुलाखाली, वरच्या पाण्यात की तळाच्या गाळात, आणि कुठल्या जाळीने धरलेलं? लोकांना वाटतं मी टाळतेय, पण मला विचाराल तर इतक्या वर्षांची कमाई हीच आहे.

जाळीचंच घ्या. ५ मिलिमीटरपेक्षा लहान तुकडा म्हणजे मायक्रोप्लास्टिक, एवढं आता पेपरात वाचून सगळ्यांना माहीत आहे. पाण्यावरून ओढतात त्या मॅन्टा नेटचं भोक साधारण ३०० मायक्रॉनचं (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असतं, आणि पॉलिस्टरचे कपडे धुताना जे धागे सुटतात त्यांची जाडी १०-२० मायक्रॉन, ते त्यातून आरामात निघून जातात. म्हणजे एकाच जागी एकाच दिवशी एकाने नेट ओढली आणि दुसऱ्याने बाटलीत पाणी भरून बारीक फिल्टरवर गाळलं तर दोघांचे आकडे कितीतरी पटीने वेगळे येतील आणि दोघंही आपापल्या जागी बरोबर असतील.

गाळात याहून गुंता. गाळ वाळवायचा, जड द्रावणात ढवळायचा, हलकं प्लास्टिक वर येतं ते काढून घ्यायचं. साधं मीठ स्वस्त पडतं, त्रास काही नाही, म्हणून खूप जण तेच वापरतात, पण मिठाचं संपृक्त पाणी झालं तरी त्याची घनता १.२ आणि पाण्याच्या बाटलीतल्या पीईटीची १.३८, म्हणजे ते खालीच बसणार, पॉलिस्टरचा धागा (तोही पीईटीचाच) पण तिथेच बसणार, आणि रिपोर्ट वाचणाऱ्याला वाटणार की नदीत पीईटी नाहीच. मग झिंक क्लोराइड. ते महाग, हाताला लागलं तर चटका बसतो, गाळून गाळून परत वापरावं लागतं आणि बेसिनमध्ये ओतायचं तर नावच काढायचं नाही. ते घ्यायचंच असं मी आरएसीसमोर, म्हणजे पीएचडीच्या कामावर देखरेख करणाऱ्या समितीसमोर, खर्चाच्या हिशोबासकट मांडलं, सगळ्यांच्या प्रश्नांना उत्तरं दिली आणि पास करून घेतलं. माझे गाइड सर शेजारी बसले होते पण माझ्या वतीने बोलले नाहीत, आणि त्यांचं न बोलणं मला फार मोलाचं वाटलं.

मायक्रोस्कोपखाली एक निळा धागा दिसतो. टोकापासून टोकापर्यंत एकसारखी जाडी, पेशी वगैरे काही दिसत नाही. नवीन मुलं लगेच वहीत मांडायला जातात, त्यांना थांबवून मी सांगते की आधी एफटीआयआरला (इन्फ्रारेड किरणांनी पदार्थ ओळखणारं यंत्र) जाऊ दे, कारण डोळ्याला हुबेहूब प्लास्टिक वाटणारे कितीतरी धागे तिथे सुती नाहीतर व्हिस्कोस (लाकडाच्या लगद्यापासून केलेला धागा) निघतात. आणि शेजारी उघडी ठेवलेली रिकामी पेट्री डिश पण मोजायचीच, कारण लॅबच्या हवेतून धागे पडत असतात, ते नदीच्या नावावर घालणं हा नदीवर अन्याय आहे. लॅबच्या दिवशी अंगावर फक्त सुती कपडे, भांडी काचेची आणि स्टीलची. हे सगळं कंटाळवाणं वाटेल पण मला मनापासून आवडतं, कारण उद्या कोणी महापालिकेच्या सभेत माझा आकडा वाचला तर तो टिकला पाहिजे.

जगातल्या मोठ्या आकड्यांचंही तसंच. २०१७ मध्ये एक पेपर आला होता की नद्यांमार्फत समुद्रात जाणाऱ्या प्लास्टिकचा ९० टक्क्यांच्या आसपासचा वाटा फक्त १० नद्यांचा, त्यात आपली गंगा पण होती, आणि ते वाक्य अजूनही फॉरवर्ड होत असतं. २०२१ मध्ये दुसऱ्या गटाने नवीन मॉडेल केलं, त्यात ८० टक्के वाटा हजारापेक्षा जास्त नद्यांमध्ये विभागलेला निघाला आणि शहरातून वाहणाऱ्या लहान नद्या फार महत्त्वाच्या ठरल्या. मुठेसारख्या नदीवर काम करणाऱ्या माणसासाठी ही केवढी मोठी गोष्ट आहे! गंगा साफ झाली की झालं असं म्हणायची सोयच राहत नाही.

पण मी खरी बदलले ती आमच्या गावामुळे. आमचं शेत दौंड तालुक्यात, नदीला लागून, मोटर नदीवर. दर उन्हाळ्यात फुटव्हॉल्व्हला, म्हणजे पाण्यातल्या पाइपाच्या टोकाच्या जाळीला, पिशव्या आणि जलपर्णी गुंडाळली जाते आणि अण्णांना छातीएवढ्या पाण्यात उतरून ती काढावी लागते. एकदा ते सहज म्हणाले, "जे जाळीला अडकतं ते तरी हाताने काढता येतं गं, जे आत येतं त्याचं काय?" माझा विषय तोवर सरांनी दिलेला होता, संगमाच्या वर आणि खाली प्लास्टिक किती वगैरे. जे उपशाच्या पाण्याबरोबर उसाच्या सरीत जातं ते समुद्रापर्यंत पोचतच नाही, आणि नदीतून समुद्रात किती जातं एवढंच मोजणाऱ्याला ते दिसतही नाही. तिथून माझ्या थिसिसचं चौथं चॅप्टर आलं. दुसऱ्याने दिलेला प्रश्न सोडवणं आणि स्वतःला पडलेला प्रश्न सोडवणं यात झोपेचा पण फरक पडतो, खरंच.

कचरावेचक मावशींकडून शिकलेलं तर वेगळंच. आमच्या काठावरच्या नमुन्यात पीईटीच्या बाटल्या कमी आणि वेफर्सची, गुटख्याची, शाम्पूची पाकिटं जास्त, याचं कारण मी पेपरांमध्ये शोधत होते आणि 'स्वच्छ' या पुण्यातल्या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेच्या एका मावशींनी उभ्या उभ्या सांगितलं की बाई, बाटलीला भंगारवाला पैसे देतो, पाकिटाला कोण देतो? बाटली नदीपर्यंत पोचायच्या आधीच कोणीतरी उचलते. थरांचं प्लास्टिक, आत चमकी, त्याचे थर वेगळे करता येत नाहीत म्हणून त्याला भाव नाही, आणि ज्याला भाव नाही ते नदीत. त्यानंतर मी नमुन्यांच्या तक्त्यात भंगाराच्या भावाचा कॉलम टाकला, आणि कॉन्फरन्समध्ये सगळ्यात जास्त प्रश्न त्याच कॉलमवर आले.

आता राहिलाय पूर. मँचेस्टरच्या नद्यांवर २०१८ मध्ये छापून आलेलं काम आहे, पुराच्या आधी आणि नंतर तळातला गाळ तपासला तर तळात साठलेलं सुमारे ७० टक्के मायक्रोप्लास्टिक पुराने धुऊन नेलेलं होतं. आपल्याकडे खडकवासल्यातून विसर्ग वाढला, भिडे पूल पाण्याखाली गेला की मुठेच्या तळाचं काय होतं, ते जाऊन उजनीत बसतं की वाटेतल्या बंधाऱ्यांमागे, हे मला पोस्टडॉकमध्ये, म्हणजे पीएचडीनंतरच्या संशोधनात, बघायचंय, प्रपोजल लिहितेय. पूर ओसरल्यावर काठावरच्या बाभळींना, उंबरांना पिशव्या लटकलेल्या राहतात, त्यांच्यावरून पाणी कुठवर चढलं होतं ते अंदाजे काढता येतं, पण मागच्या वर्षांचं मोजमाप माझ्याकडे नाही.

तर नदीकाठी राहणाऱ्यांनी, विठ्ठलवाडीपासून थेट खाली दौंडपर्यंत, पूर ओसरल्यानंतरचे जुने फोटो असतील तर प्लीज पाठवा. झाडं, पुलाचे कठडे, देवळाच्या पायऱ्या, काहीही चालेल, धूसर असला तरी चालेल. फक्त तारीख आणि जागा नक्की लिहा, आणि तारीख आठवत नसेल तर तसं लिहा, अंदाजाने टाकू नका.