सासूबाईंच्या पणजीचा शोध

माझं सासर इंग्लंडमधलं, आणि सासूबाईंकडून एवढंच ऐकलं होतं की त्यांची पणजी लँकेशायर परगण्यातल्या ब्लॅकबर्नला कापडगिरणीत होती, बाकी ना फोटो ना पत्र. माझे आजोबा लालबागला साचेवाले, त्यामुळे मला राहवेना, मागच्या हिवाळ्यात शोधायला बसलेच.

सुरुवात 1911 च्या जनगणनेपासून, कारण तो फॉर्म घरच्याच कुणीतरी भरलेला असतो आणि त्यात लग्न झालेल्या बाईला मुलं किती झाली, किती आहेत, किती गेली हेही विचारलंय. तिच्यापुढे 10, 6, 4. ते 4 डोक्यातून जाईनात.

मग दहा दहा वर्षं मागे गेले. 1881 ला अडले, आडनाव भलतंच लिहिलेलं, शेवटी आडनाव सोडून नुसती पहिली नावं, वय आणि गाव टाकलं तेव्हा घर सापडलं. 1861 मध्ये ती 14 वर्षांची, कामाच्या रकान्यात विणकर. त्याच वर्षी अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, कापूस यायचा थांबला, लँकेशायरच्या गिरण्या बंद पडायला लागल्या आणि तिकडे मुंबईत कापसाचे व्यापारी गब्बर झाले, आपल्याकडचा सुरती कापूस इकडे आला पण तो आखूड धाग्याचा, सारखा तुटायचा, विणकरांना नकोसा व्हायचा. शाळेत हे वाचलं होतं, पण तेव्हा कुणाच्या घरी चूल पेटली नसेल हे कधी मनातच आलं नव्हतं. 1867 ला चर्चच्या रजिस्टरमध्ये तिचं लग्न मिळालं, सहीच्या जागी फुली.

आता ती 4 मुलं. एक 1881 मध्ये दिसतो, वय 5, पुढे स्कॉलर म्हणजे शाळेत जाणारा. बाकी 3 कुठल्याच जनगणनेत नाहीत, दोन गणनांच्या मधेच जन्मली आणि गेली. सरकारी जन्मनोंदणीच्या ऑनलाइन इंडेक्समध्ये आईचं माहेरचं आडनाव असतं, ते टाकून एकेक वर्ष काढलं, मग लँकेशायर ऑनलाइन पॅरिश क्लर्क या फुकट साइटवर दफनाच्या नोंदी बघितल्या. 3 महिने, 11 महिने, दीड वर्ष. एक मुलगी दोनदा आलीय असं वाटून मी ती खोडणार होते, पण वर्षं वेगळी होती.

चौघांची नावं कागदावर लिहून सासूबाईंना दिली. त्यांच्या आजीचं नाव आधी गेलेल्या बहिणीचं होतं, हे त्यांना त्या दिवशी कळलं.