आमची वाटचाल : पट्टी सुटली त्या दिवसापासून

बेळगावच्या उद्यमबागेत आम्ही सुरुवात केली ती गच्चीच्या वॉटरप्रूफिंगने. मी, धाकटा भाऊ आणि खानापूरकडचे दोन मेस्त्री. तिकडचा पाऊस माहीत असलेल्याला सांगायला नको, गळतीच्या कामाला तोटा नव्हता. गळतीमागून गंजलेल्या सळ्या आल्या, त्यामागून तडकलेले बीम, आणि मग बीमला बळकटी देणारी कार्बन फायबरची पट्टी. स्वित्झर्लंडमध्ये ल्युसर्नजवळच्या इबाख पुलाच्या दुरुस्तीला १९९१ साली १७५ किलो पोलादाच्या जागी सहा किलोच्या आसपास कार्बन पट्ट्या पुरल्या, हे ऐकून आम्ही भारावलो होतो. १.२ मिलिमीटर जाडीची पट्टी इपॉक्सी गोंदाने बीमच्या पोटाला चिकटवली की झालं, अशी आमची समजूत.

पहिलं मोठं काम एका कारखान्याच्या शेडचं. सहा महिन्यांनी सकाळीच मेस्त्रींचा फोन, "दादा, पट्टी लोंबकळतीया. लगेच या."

शिडी लावून वर गेलो. पट्टीचं एक टोक खाली आलेलं, तिच्या पाठीला बोटभर जाडीचं काँक्रीट खडीसकट चिकटलेलं. वर सळ्या उघड्या, तांबूस. वाटेत मी इपॉक्सीच्या नावानं बोटं मोडत होतो, पण इपॉक्सीनं पकड सोडलीच नव्हती. काँक्रीटच फाटलं होतं. खाली त्या वेळी कोणी नव्हतं, म्हणून निभावलं. आजही आठवलं की पोटात गोळा येतो.

चूक आमचीच. पट्टी आधारापासून बरीच अलीकडे संपवली होती. जिथं ती संपते तिथं सगळा ताण एकवटतो आणि कव्हरला, म्हणजे सळ्यांवरच्या काँक्रीटच्या थराला, खाली ओढतो. त्यात गंजानं कव्हर आधीच सुटत आलेलं. शिवाय माहितीपत्रकात छापलेली पट्टीची ताकद आम्ही हिशेबात पूर्ण धरली होती. तेवढी ती वापरताच येत नाही, त्याच्या कितीतरी आधी काँक्रीट हात टेकतं. तेही अचानक. सळई ताणली जाताना बीम वाकून, तडे रुंदावून सांगतो तरी; पट्टी सुटताना सांगत नाही.

ते काम आम्ही पदरचे पैसे घालून परत केलं. हप्ते थकले, भावानं गाडी विकली.

तेव्हापासून आधी काँक्रीटची परीक्षा. घासलेल्या पृष्ठभागावर ५० मिलिमीटरची चकती चिकटवून ओढायची. चौरस मिलिमीटरला दीड न्यूटन, म्हणजे चकतीमागे साधारण ३०० किलो ओढ सोसली तरच पट्टी लावायची. गंजलेल्या सळ्यांचं कव्हर फोडून नव्यानं भरतो, पट्टी आधाराच्या जितकी जवळ नेता येईल तितकी नेतो, टोकांना यू आकाराचं फायबर कापड गुंडाळतो. इपॉक्सी वाळल्यावर मेस्त्री हातोडीनं टकटक करत पूर्ण लांबी ऐकतात. बद्द आवाज आला म्हणजे आत पोकळी; तेवढा भाग खडूनं रंगवतात.

मागच्या महिन्यात निपाणीच्या एका गोदामात चकती १८० किलोलाच निघून आली, धूळमातीसकट. मालकांना सांगितलं, इथं पट्टी चालणार नाही, बीमभोवती नव्या काँक्रीटचं जॅकेटच करावं लागेल. त्यांनी दुसऱ्याला बोलावलं. चकती मी पिशवीत घालून घेऊन आलो.